उतरत्या मोसमातील बर्फ आणि स्नो स्कूटर

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही जी तीन शहरे एकापाठोपाठ एक लागतात, त्यांतील मध्यमवर्गीय कुटुंबांचा हिमालयाशी येणारा संबंध बव्हंशी शाळेच्या वेळापत्रकाने ठरविलेला असतो. वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये उरकतात, जूनच्या मध्यावर शाळा पुन्हा उघडतात, आणि मध्यंतरी जी मुभा मिळते तिच्यात, बदलापुरात पारा चाळीस अंशांपलीकडे गेलेला असताना, काश्मीर अथवा मनालीची सहल आखली जाते. उल्हासनगरच्या बाजारात भर उन्हाळ्यात लोकरी टोप्यांची आणि जाकिटांची चौकशी होते. आणि सहलीच्या तपशिलात ‘स्नो स्कूटरची सफर’ ही बाब, तिचे भाडे वेगळे पडेल या सूचनेसह, हटकून नमूद केलेली असते. याचा एक परिणाम असा, की आमच्या भागातील बहुतेकांनी पाहिलेला बर्फ हा म्हातारा बर्फ असतो. पौष-माघात गुलमर्गवर उतरणारा हलका, कोरडा बर्फ त्यांच्या वाट्याला येत नाही. येतो तो तीन-चार महिन्यांचे वय झालेला, अनेकदा वितळून अनेकदा गोठलेला, वरून शुभ्र पण आतून पाण्याने भरलेला बर्फ. या बर्फाचे स्वभावधर्म नव्या बर्फाहून इतके भिन्न आहेत, की त्यावरून धावणारे यंत्र, त्याच्यासाठी आखलेली वाट आणि ती वाट सोडल्यास पत्करावी लागणारी जोखीम या तिहींचा विचार निराळ्या रीतीने, आणि मुख्यतः दिवसाच्या प्रहरांच्या हिशेबाने करावा लागतो.

काश्मिरात २१ डिसेंबरपासून जी चाळीस दिवसांची कडाक्याची थंडी पडते तिला ‘चिल्लई कलान’ म्हणतात. तिच्या पाठोपाठ वीस दिवसांचा ‘चिल्लई खुर्द’ आणि दहा दिवसांचा ‘चिल्लई बच्चा’ येऊन मार्चच्या आरंभी हिवाळ्याचा अंमल ओसरू लागतो. या काळात भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी विक्षोभ पीर पंजालच्या रांगेवर बर्फ टाकून जातात. नुकता पडलेला कोरडा बर्फ म्हणजे षट्कोणी, शाखायुक्त स्फटिकांचा सैल ढीग असून त्याच्या एका घनमीटराचे वजन ५० ते १०० किलोग्रॅमच भरते. उरलेली सारी जागा हवेची. पुढे वरच्या थरांच्या भाराने खालचे थर दबतात, स्फटिकांच्या नाजूक शाखा मोडतात, कण गोलसर होऊन एकमेकांना चिकटतात, आणि वसंताच्या अखेरीस तोच घनमीटर ४०० ते ५०० किलोग्रॅमपर्यंत जातो.

यापुढचा प्रकार समजून घेण्यासाठी पदार्थविज्ञानातील एकच आकडा ध्यानात ठेवावा लागतो. शून्य अंशावरील एक ग्रॅम बर्फाचे शून्य अंशावरीलच पाणी करण्यास सुमारे ८० कॅलरी उष्णता खर्ची पडते. तेवढ्याच उष्णतेत एक ग्रॅम पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापले असते. म्हणूनच एप्रिलच्या उन्हातही डोंगरावरचा बर्फ आठवड्यांमागून आठवडे टिकतो. मात्र टिकतो याचा अर्थ तो मजबूत राहतो असा नव्हे. हिवाळ्यात बर्फाच्या थराचे तपमान वर-खाली निरनिराळे असते, आणि थंडीच्या आधाराने तो थर एकसंध राहतो. वसंतात पृष्ठभागावर वितळलेले पाणी झिरपत झिरपत तळाशी पोहोचते, सारा थर वरपासून खालपर्यंत शून्य अंशावर येतो, आणि कणाकणांमधील बंध पाण्याने सुटू लागतात. असा बर्फ मुठीत घेऊन दाबला तर बोटांच्या फटींतून पाणी ठिबकते, आणि मूठ उघडल्यावर दिसतात ते जाड्याभरड्या साखरेएवढे पारदर्शक, गोल दाणे.

रात्री हेच दाणे पुन्हा एकमेकांना जखडले जातात, परंतु ते केव्हा, हे पाहण्यासारखे आहे. बर्फाचा पृष्ठभाग निरभ्र आकाशाकडे अदृश्य विकिरणाने सतत उष्णता टाकीत असतो. त्यामुळे हवेचा पारा शून्याच्या वर दोन-तीन अंश असला तरी बर्फाची कातडी गोठू शकते. उलटपक्षी आकाश ढगाळ असेल तर ढग तीच उष्णता परत पाठवितात आणि रात्रभर काहीच गोठत नाही. म्हणून चांदण्यांची रात्र गेली, की पहाटे बर्फ फरशीसारखा कठीण असतो. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास वरचे बोटभर दाणे सुटे होऊन पृष्ठ मऊ पण भरवशाचे बनते. आणि दुपारी बारानंतर पाय घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत, मग गुडघ्यापर्यंत रुतू लागतो. उतरत्या मोसमात एकाच ठिकाणी एकाच दिवसात तीन निरनिराळे बर्फ भेटतात.

आता या बर्फावर चालणाऱ्या यंत्राकडे वळू. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील व्हालकूर्त नावाच्या गावी जोसेफ-आर्मांद बोम्बार्दिये हा तरुण यांत्रिक मोटारदुरुस्तीचे दुकान चालवीत असे. १९३४ सालच्या हिवाळ्यात त्याचा लहान मुलगा आंत्रपुच्छाच्या विकाराने आजारी पडला. बर्फाने रस्ते बंद असल्यामुळे त्याला रुग्णालयात पोहोचविता आले नाही, आणि तो दगावला. बर्फावरून चालणाऱ्या वाहनाचे प्रयोग बोम्बार्दियेने त्यापूर्वीच आरंभिले होते, पण यानंतर त्याने स्वतःला त्या कामाला सर्वस्वी वाहून घेतले. दातेरी चाकाने फिरणाऱ्या पट्ट्याच्या रचनेचे एकस्व त्याला १९३७ साली मिळाले. सात माणसे बसतील अशी त्याची बंद गाडी टपालवाले, वैद्य आणि शाळा यांच्या कामी आली. आणि १९५९ साली ‘स्की-डू’ या नावाने एका-दोघांपुरते हलके वाहन बाजारात आले, ज्याचे वंशज आज गुलमर्गच्या उतारावर रांगेने उभे असतात.

या वाहनाचे मर्म भाराच्या वाटणीत आहे. बारवी धरणाच्या वाटेवरील खाचरांत आषाढात चिखलणी करताना पॉवर टिलरची रबरी चाके काढून लोखंडी पट्ट्यांची रुंद चाके चढवितात, ती ज्या कारणासाठी, त्याच कारणासाठी स्नो स्कूटरला मागे चाकांऐवजी लांबरुंद रबरी पट्टा आणि पुढे दोन स्की असतात: खालची भूमी भार सोसणारी नसेल तर तो भार अधिक क्षेत्रावर पसरविणे हा एकच उपाय. हिशेब सोपा आहे. यंत्र २५० किलोग्रॅमचे आणि वर दोन माणसे धरली तर एकूण ४०० किलोग्रॅम होतात. पट्ट्याचा बर्फाला टेकलेला भाग ४० सेंटिमीटर रुंद व दोन मीटर लांब धरला तर ८,००० चौरस सेंटिमीटर. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर ५० ग्रॅम. उलट ७० किलोग्रॅमचा मनुष्य चालताना एका पावलावर, सुमारे २०० चौरस सेंटिमीटरवर, सारा भार टाकतो. म्हणजे ३५० ग्रॅम. सातपट जड पाऊल टाकणारा पादचारी जेथे कमरेपर्यंत रुततो तेथे हे धूड तरंगत जाते, ते यामुळे. परंतु यातच एक फसवणूक दडलेली आहे, कारण वाहन बंद पडले आणि चालक खाली उतरला, की ज्या बर्फावर तो क्षणापूर्वी निर्धास्त होता त्याच बर्फात तो मांडीपर्यंत जातो.

इंजिनापासून पट्ट्यापर्यंत शक्ती नेणारी योजना आमच्या रस्त्यांवरील बिनगिअरच्या स्कूटरचीच आहे. १९८४ साली कायनेटिक होंडाने जी रचना भारतीय घरांत आणली, तीच येथे आहे: उतरत्या कडांच्या दोन कप्प्या, त्यांच्यामधून फिरणारा रबरी पट्टा, आणि वेग वाढेल तशी केंद्रोत्सारी वजनांच्या जोराने मिटत जाणारी पुढची कप्पी. उजव्या अंगठ्याने एक खटका दाबला की यंत्र पुढे जाते, डाव्या हाताने ब्रेक लागतो. शिकायला दोन मिनिटे पुरतात, आणि म्हणूनच नवख्यांना त्याचा मोह पडतो. मात्र गुलमर्गची उंची २,६५० मीटर असून गोंडोला नावाच्या रज्जुमार्गाचा पहिला टप्पा, म्हणजे कोंगदूरी, तीन हजार मीटरच्या वर आहे. तेथे हवा विरळ, म्हणून इंजिनाला प्राणवायू कमी. दर ३०० मीटरला साधारण तीन टक्के शक्ती घटते, आणि समुद्रसपाटीवर शंभर अश्वशक्ती देणारे इंजिन तेथे जेमतेम सत्तर देते. जाणते मिस्त्री म्हणूनच उंचीवर कप्पीतील वजने हलकी करून बसवितात. जड, ओल्या बर्फात चालकाने अंगठा दाबूनच धरला तर कप्पीतला पट्टा घसरून तापतो, आणि जळक्या रबराचा वास येऊ लागतो. तो आला की थांबावे, कारण पट्टा तुटण्याला मग फारसा अवकाश नसतो.

उतरत्या मोसमाचा आणखी एक परिणाम यंत्राच्या प्रकृतीवर होतो. द्रवशीतित स्नो स्कूटरला मोटारीसारखी हवेवरची जाळी क्वचितच पुरते. तिचे शीतक आसनाखालच्या बोगद्यातील नळ्यांतून फिरते, आणि पट्ट्याने मागे फेकलेला भुसभुशीत बर्फ त्या नळ्यांवर आदळून तिला थंड ठेवतो. पट्टा ज्या प्लॅस्टिकच्या सरकपट्ट्यांवरून घसरतो, त्यांनाही त्याच बर्फाचे वंगण मिळते. पहाटेच्या काचेसारख्या कठीण बर्फावर हा फवारा उडतच नाही. मग बाहेर कडाक्याची थंडी असताना इंजिन उकळू लागते आणि सरकपट्ट्या वितळतात. यावर तोड म्हणून मागे तारेचे खुरपे बसवितात, जे पृष्ठभाग ओरबाडून बर्फाचा चुरा उडवीत राहते.

आखलेली वाट आणि मोकळा बर्फ या दोहोंवर हे यंत्र चालविणे या दोन वेगळ्या विद्या आहेत. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात स्नो स्कूटरसाठी राखलेल्या वाटांची लांबी सुमारे ३५,००० किलोमीटर आहे. या वाटा आपोआप राहत नाहीत. एकामागून एक वाहने गेली की बर्फावर लाटांसारखे उंचवटे व खळगे पडतात आणि प्रत्येक पुढचे वाहन ते अधिक खोल करते. म्हणून रात्री जड यंत्रामागे पाती ओढून उंचवटे कापतात, चुरा खळग्यांत दाबतात, आणि पहाटेपर्यंत तो गोठून घट्ट व्हावा म्हणून वाट मोकळी ठेवतात. मोसम उतरू लागला की रात्रीची थंडी अपुरी पडते, दाबलेला बर्फ बसत नाही, आणि वाट दुपारपर्यंत पुन्हा खळग्यांनी भरते. वाटेवर यंत्राला वळविण्याचे काम स्कीखालची पोलादी धार करते. हँडल ज्या दिशेला वळवावे त्या दिशेला ते जाते.

खोल बर्फात हा नियम उलटतो. तेथे स्कीला धरायला काही नसते. यंत्र वळते ते चालकाच्या देहाच्या भाराने. तो उभा राहतो, ज्या बाजूला वळायचे त्या बाजूच्या पायावर भार टाकतो, हँडल किंचित विरुद्ध दिशेला फिरवितो, यंत्र त्या अंगावर कलते, आणि पट्ट्याची कड बर्फात रोवून वळण घेते. उतारावरून आडवे जाताना तर चढाच्या बाजूच्या पायरीवर दोन्ही पाय ठेवून, यंत्र सतत डोंगराकडे कललेले राखावे लागते. यासाठी डोंगरी यंत्राचा पट्टा अधिक लांब, चार मीटर किंवा त्याहून जास्त घेराचा असतो, आणि त्यावरील रबरी पाती सहा ते साडेसात सेंटिमीटर उंच असतात. वाटेवरच्या यंत्राला याच्या निम्म्याहून कमी उंची पुरते. कोरड्या बर्फात ही पाती वल्ह्याचे काम उत्तम करतात. पाण्याने भरलेल्या एप्रिलच्या बर्फात मात्र ती खणू लागतात. वेग मंदावला आणि घाबरून अंगठा दाबला, की पट्टा स्वतःखाली खड्डा करतो, मागची बाजू बुडते, नाक वर होते, आणि अडीचशे किलोग्रॅमचे धूड जागच्या जागी पुरले जाते. मुरलेला चालक अशा वेळी इंजिन बंद करतो, यंत्राच्या पुढचा बर्फ पायांनी तुडवून उताराकडे वाट करतो, यंत्र अंगावर कलते करून खालचा खड्डा फावड्याने भरतो, आणि तुडविलेला बर्फ थोडा बसू देऊन मगच निघतो. घाईने केलेले दुसरे पुरणे पहिल्याहून नेहमीच खोल असते.

याहून गंभीर गोष्ट खाली लपलेल्या पाण्याची. वसंतात ओढे बर्फाच्या आच्छादनाखाली वाहू लागतात आणि ते आच्छादन खालून पोखरतात. वरून अखंड दिसणारा पूल हातभर जाडीचा उरलेला असतो. देवदारांच्या बुंध्यांभोवतीही उन्हाने तापलेल्या खोडामुळे आणि फांद्यांच्या आडोशामुळे पोकळ विहिरी तयार होतात. आणि तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर हिमस्खलनाचे भय असते. ओला बर्फ कोसळतो तो संथपणे, पण त्याचे वजन भयंकर असते आणि थांबताच तो घट्ट बसतो. त्याची पूर्वचिन्हे डोळ्यांना दिसण्याजोगी आहेत: रात्र ढगाळ गेलेली, किंवा पाऊस पडलेला, उतारावरून आपोआप घरंगळणारे बर्फाचे गोळे, आणि पाय पोटरीच्या वर रुतणे. उत्तर अमेरिकेत कोण अधिक उंचावर जाऊन वळतो अशी चढाओढ उभ्या उतारांवर लावण्याची खोड आहे, आणि स्नो स्कूटरवाल्यांच्या हिमस्खलनातील मृत्यूंमागे ती वारंवार आढळते; माझ्या मते तिला क्रीडा म्हणू नये. गाडला गेलेला मनुष्य पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत निघाला तर बहुधा वाचतो, त्यानंतर आशा झपाट्याने मावळते. म्हणून जाणकार ४५७ किलोहर्ट्झवर संदेश देणारा शोधयंत्राचा डबा अंगावर, आणि शोधकाठी व फावडे पाठीवर बांधतात, यंत्रावर नव्हे.

हे भय कल्पनेतले नाही. ८ फेब्रुवारी २०१० रोजी गुलमर्गजवळच्या खिलनमर्गवर लष्कराच्या उच्च पर्वतीय युद्धप्रशिक्षण शाळेची तुकडी हिमस्खलनात सापडून सतरा जवान मृत्युमुखी पडले. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचेनवरील सोनम चौकीवर बर्फाचा कडा कोसळून दहा जवान गेले. त्यांत सातारा जिल्ह्यातील मस्करवाडीचे सुनील सूर्यवंशी होते. सियाचेनवर स्नो स्कूटर ही सामान आणि आजारी जवान नेण्याची निकडीची सोय आहे, आणि तेथील तुकड्या उन्हाळ्यात रात्री किंवा पहाटे हालचाल करतात, कारण हिमनदीच्या भेगांवरचे बर्फाचे पूल त्याच वेळी गोठून घट्ट असतात. या विषयाचा शास्त्रीय अभ्यास आपल्या देशात १९६९ सालापासून मनालीच्या हिम व हिमस्खलन अध्ययन संस्थेने चालविला. ज्या संरक्षण संशोधन व विकास संघटनेची नौदल पदार्थ प्रयोगशाळा अंबरनाथला आहे, त्याच संघटनेची ही दुसरी शाखा. २०२० साली ती एका नव्या संस्थेत विलीन झाली. हिमस्खलनाचे इशारे देण्याचे तिचे काम पुढेही चालू आहे, आणि ते इशारे पर्यटकाने अवश्य विचारून घ्यावेत.

रात्रीच्या घट्ट बर्फाविषयी दक्षिण ध्रुवाकडील अनुभवही हेच सांगतो. गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय संशोधन केंद्र अंटार्क्टिकाच्या मोहिमा पाठविते, आणि जाणाऱ्यांना त्याआधी उत्तराखंडातील औलीच्या बर्फावर शिक्षण दिले जाते.  मोहिमा अंटार्क्टिकावर पोहोचतात त्या दक्षिण गोलार्धाच्या उन्हाळ्यात, म्हणजे तेथील बर्फाच्या उतरत्या काळात. सूर्य मावळत नाही, पण मध्यरात्रीच्या सुमारास क्षितिजालगत येतो, आणि बर्फ कठीण होतो तो त्या वेळी.

सरकारी निर्बंधांचाही उल्लेख करावयास हवा. २०१५ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने रोहतांग खिंडीच्या परिसरातील स्नो स्कूटरसारख्या व्यापारी खेळांवर बंदी घातली, आणि त्यावरून मनालीत रोजगाराचा प्रश्न उभा राहिला. तो प्रश्न खरा होता. पण बर्फ पातळ झाल्यावर पोलादी धारा आणि रबरी पाती खालच्या गवताची मुळे उखडतात, हेही तितकेच खरे. गुलमर्ग आणि खिलनमर्ग ही मूलतः कुरणे आहेत. उन्हाळ्यात गुज्जर आणि बकरवाल आपली जनावरे तेथे आणतात. जेथे बर्फातून पिवळे गवत डोकावू लागले आहे, तेथून यंत्र नेण्याचा हट्ट चालकापाशी धरू नये.

राहता राहिली वेळेची तजवीज. श्रीनगर ते गुलमर्ग हे अंतर सुमारे ५० किलोमीटरचे असून बहुतेक सहली नाश्ता आटोपून श्रीनगरहून निघतात. वाटेत टंगमर्गला बूट आणि कोट भाड्याने घेण्यात वेळ जातो, गोंडोलाच्या रांगेत आणखी जातो, आणि मंडळी वर पोहोचतात ती दुपारी, नेमकी बर्फ सर्वांत वाईट असण्याच्या प्रहरी. मुक्काम टंगमर्गला किंवा गुलमर्गला ठेवून गोंडोलाच्या पहिल्या फेरीने वर गेले, तर त्याच पैशांत सुटे दाणे आणि घट्ट तळ असलेला बर्फ मिळतो. चालकाला दोन प्रश्न विचारावेत: काल रात्री आकाश मोकळे होते का, आणि आज वाट कोठपर्यंत दाबलेली आहे. त्याचे उत्तर वाटेच्या हद्दीपर्यंतच थांबले तर आपणही तेथेच थांबावे, आणि ओले मोजे बदलण्यासाठी दुसरी जोडी खिशात ठेवावी.